कोपरच्या खाडीवर, घरटी एक माणूस

खरं तर त्या शनिवारी आम्ही माळशेजला जाणार होतो. खोली बुक झालेली, सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडीचे टायर तपासून घेतलेले, आणि मी तर ब्लॉगचा मथळासुद्धा ठरवून ठेवलेला. मंगळवारी संध्याकाळी भेंडीला फोडणी देत होते, तर ओट्यावरचे डबे आपोआप सरकायला लागले. मला वाटलं, वरच्यांनी परत ड्रिलिंग काढलं. मी छताकडे बघून ओरडले, "अहो, काही वेळकाळ आहे की नाही?" तेवढ्यात अख्खी इमारतच गदागदा हलली आणि माझी बोबडी वळली.

बाळकुमची आमची सोसायटी पुढच्या काही क्षणांत जिन्याने खाली. एक काका टॉवेलवर, एक ताई हातात फक्त टीव्हीचा रिमोट घेऊन, आणि सतीश कामावरचं पिवळं हेल्मेट घालून, मला न घेता. "तू मागेच आहेस असं वाटलं," म्हणे! त्याचं काय केलं ते इथे लिहीत नाही. देवाच्या कृपेने कुणाला लागलं नाही. लॉबीतल्या टाइल्स उखडलेल्या, पार्किंगच्या जमिनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, आणि मागची कंपाउंडची भिंत जुन्या गावच्या गल्लीवर झुकलेली. त्या गल्लीतल्या लोकांनी रात्रीच्या आत बांबूंचे टेकू लावले. आमचे लोक तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडत होते.

गुरुवारी गंगूआत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कोपरच्या पलीकडे, खाडीला टेकलेल्या आमच्या गावठाणात राहते. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तिथलीच झाली. माझे वडील, ते आता नाहीत, नोकरीसाठी ठाण्याला आले, माझा धाकटा भाऊ बाळा मोहन्याला गेला, आजोबांचं घर आणि भातशेती सांभाळत आत्या एकटी राहिली.

"सुनी, घर उभा हाय," ती म्हणाली. माहेरी मी अजून सुनीच. "पन बांध चिरलाय. आपल्याच तुकड्यान."

ज्यांना खाडीकाठ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची शेतं खाडीपेक्षा खाली आहेत. मधे मातीचा लांबलचक बांध, तो आहे म्हणून खारं पाणी बाहेर आणि भात आत. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग त्या जमिनीत पुढची कित्येक वर्षं धड पीक येत नाही. भात तर आता लोंब्या भरून उभं. भूकंप झाला तेव्हा भांगाची, म्हणजे छोटी भरती चालू होती, म्हणून निभावलं. पण रविवारी कोजागिरी. पौर्णिमेचं उधाण येणार आणि पाणी थेट बांधाच्या माथ्याशी भिडणार.

"मग बुजवा ना तोवर!" मी म्हटलं.

"कोन बुजवील? माजा पाय मुरगाललाय. आन पयला गोला आपल्या घरचाच पडाया पायजे."

ही आमच्याकडची रीत. सगळा बांध घरांमध्ये वाटलेला आहे, प्रत्येक घराचा एक तुकडा. दुरुस्तीला घरटी एक माणूस आलाच पाहिजे, मग तो दुबईला का असेना. स्वतःच्या तुकड्यावर चिखलाचा पहिला गोळा त्या घरच्या माणसाने टाकायचा, त्यानंतर शेजारी हात लावणार. परक्याने पहिला गोळा टाकला तर त्याचा अर्थ होतो, हे घर बुडालं. आत्या म्हणाली, "मी रांगत जाईन, पन कोनाला टाकू देनार नाय." ती खरंच गेली असती, म्हणून माझा जीव जास्त घाबरला.

मी माळशेजची खोली रद्द केली. "ताई, भूकंप झालाय आणि तुम्ही फिरायला निघालात?" असं कुणीतरी ब्लॉगवर लिहिलं. हो, निघाले. आमच्याच माणसांकडे जायला तुमची परवानगी काढायची की काय?

शनिवारी सकाळी निघालो ते आधी मोहन्याला, बाळाला आणायला. बाळकुमहून कशेळीमार्गे भिवंडी बायपास, मग कोन, दुर्गाडीचा पूल, शहाड आणि मोहने. एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी दुप्पट वेळ धरा, कारण पूल तपासायला जागोजागी एकेक लेन बंद होती. कोनच्या नाक्यावर टपरी चालू होती. वडापाव वीस रुपये, चहा दहा, आणि भूकंपाच्या गप्पा फुकट. टपरीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होता, "तुमच्याकडे किती वेळ हललं?" आणि कुणी काहीही सांगितलं तरी त्याच्याकडे जास्तच हललेलं असायचं.

कल्याणात शिरल्यावर मात्र हसू आटलं. रस्त्याचा डांबराचा थर एका ठिकाणी सरकून दुमडलेला, पेव्हर ब्लॉक वर आलेले. कितीतरी दुकानांच्या चौकटी वाकड्या होऊन शटर अर्ध्यावर अडकलेली. एक कापडवाला त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत-बाहेर करत साड्या विकत होता आणि बायका वाकून घेतही होत्या. मी गाडी थांबवायला सांगितली, तर सतीश म्हणाला, "आता खरेदी?" अहो, माणसाला धीर द्यायला एखादी साडी घ्यावी लागते!

बाळाची चाळ मोहन्याच्या जुन्या वस्तीत. कौलं घसरून अंगणात ढीग झालेला, खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा थेट जमिनीपर्यंत उतरलेल्या, आणि सगळी चाळ समोरच्या मैदानात ताडपत्र्यांखाली. गॅस, कुकर, पोरांची दप्तरं, देवघर, सगळं मैदानात. बाळा मला बघून उठला आणि माझा हात धरून उभा राहिला. मला रडू आलं.

"ताई, उद्या इंजिनिअर येणारेत," तो म्हणाला. "घरात जायचं की नाही ते सांगणार. पोरांना टाकून, सामान टाकून मी कसा येऊ? आणि नाही आलो तर आत्याला तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात मनीषा, माझी भावजय, ताडपत्रीखालून बाहेर आली. ती जुन्नरकडची, शेतकऱ्याची लेक. पदर खोचलेला, पायात बाळाच्या चपला. "हे थांबतील इथे. मी येते," ती म्हणाली.

"तू? चिखलात?"

"ताई, इतके दिवस मैदानात बसून लोकांच्या तोंडून परत धक्का येणार, परत धक्का येणार, हेच ऐकतेय. माझं डोकं फिरलंय. मला काहीतरी खणायला तरी द्या."

सतीशने गाडीचं मागचं दार उघडलं. बाळा म्हणाला, "पण पहिला गोळा?" मी म्हटलं, "मी टाकीन." बोलून तर गेले, पण लग्न होऊन साताऱ्याच्या घरात गेलेली मी, माझा गोळा गाव मानेल का, ही धाकधूक कल्याणपासून कोपरपर्यंत सोबत होती.

डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या पुलावरून उतरलात की खाडीकडे जाणारा रस्ता धरा. गाडी शेवटच्या इमारतीपाशीच लावा, कारण पुढे रस्ता खचलाय. अर्धा रस्ता एक हात खाली गेलेला आणि गटाराचे पाइप उघडे. तिथून चालत गावठाण पाच-सात मिनिटांवर. वाटेत भाताच्या खाचरांत मला राखाडी रेतीचे छोटे छोटे उंचवटे दिसले, मधोमध भोक असलेले. जमीन हलली तेव्हा खालचं पाणी रेती घेऊन वर उसळलं, असं आत्याने नंतर सांगितलं. विहिरीचं पाणीसुद्धा दोन दिवस गढूळ होतं म्हणे. गावातल्या मातीच्या भिंतींना पोटं सुटलेली, आमच्या घराची पुढची पडवी बसलेली, पण मधलं घर जसंच्या तसं. आत्या दारातच खुर्ची टाकून बसलेली, पाय उशीवर.

"आयलीस गो बाय!" तिने मला ओढून जवळ घेतलं. मग मागे बघितलं. "बाला?"

सगळं सांगितलं. तिने मनीषाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कवा चिखलान उतरलीस का?" मनीषा म्हणाली, "आत्या, भातलावणीत वाढलेय मी." आत्याचा चेहरा उजळला. सतीशला मात्र तिने विचारलंसुद्धा नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या माशांचं, कालवण. अशी चव तुम्हाला डोंबिवलीच्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, तेव्हा शोधायला जाऊ नका. सतीश निवट्यांकडे संशयाने बघत होता आणि दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

संध्याकाळी बांध बघायला गेलो आणि मला हसावं की रडावं कळेना. बांधाचं सगळं बघणारे गणाकाका तिथे डोक्याला हात लावून उभे. भूकंपाच्या भीतीने अख्खं गाव घराबाहेर झोपायला कुठे गेलं असेल? बांधावर! मोकळी जागा, भिंत नाही, छप्पर नाही, अंगावर काही पडायची भीती नाही. खाटा नेल्या, स्कूटर नेल्या, नवरात्राचा गरब्याचा हा मोठा स्पीकरसुद्धा नेला. त्या सगळ्या वजनाने भेग रोज थोडी थोडी रुंदावत गेली आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आमच्या तुकड्यावर तर स्कूटर लावलेल्या, सपाट आहे म्हणून! भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला.

"घर पडेल म्हनून भ्यायलो," गणाकाका म्हणाले, "आन जो गावाला राखतो त्याच्याच उरावर बसलो."

तास-दीड तासात बांध रिकामा झाला. फक्त स्पीकर जड म्हणून तिथेच टोकाला राहिला.

रविवारी पहाटे ओहोटी लागली आणि गाव बांधावर जमलं. पूर्व नुकती उजळत होती, खाडीवरच्या रेल्वेपुलावरून एक मालगाडी अगदी हळूहळू जात होती. नारळ खाडीला दिला आणि गणाकाकांनी पुकारा सुरू केला. एकेका घराचं नाव घ्यायचं आणि त्या घरच्याने आपल्या तुकड्यावरून ओरडायचं, "हाय!" म्हणजे आहे. कुणी ठाण्याहून आलेलं, कुणी पनवेलहून, एकजण रात्रपाळी करून युनिफॉर्ममध्येच. "हाय! हाय!" करत आवाज आमच्याकडे सरकत आला.

"हिराजीचं घर!" हिराजी म्हणजे माझे आजोबा.

"हाय!" मी ओरडले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

गणाकाका थांबले. "बाला कुटं हाय?"

"नाही येऊ शकला. मी आलेय."

"तू सासरी गेलेली पोर. तू सातारची झालीस. रीत हाय ती हाय, बाय."

चार माणसांनी माना डोलावल्या. माझा तर संताप संताप झाला. आणि मागून, सतीशने बांधावर आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून, आत्याचा आवाज आला.

"गना! मीपन सासरी गेलेलीच ना रं? मंग इतकी वर्सा तुमच्यासंगती चिखल कोन तुडवत होती? भूत?"

"तुजी गोष्ट येगली. तू इथंच ऱ्हातेस."

"आन ही सातारची काय? मंग खाली वाकून बघ, तिचं पाय कुटं रुतलेत!"

मी गुडघ्यापर्यंत कोपरच्या चिखलात उभी होते. आधी बायका हसल्या, मग सगळेच. गणाकाकांनाही हसू आवरेना. "टाक गो बाय, टाक. तुजी आत्या मना जगू देनार नाय."

मी वाकले, खाडीच्या बाजूचा काळा, चिकट चिखल दोन्ही हातांनी उचलला आणि भेगेत टाकला. आत्याने टाळी वाजवली आणि पदराने डोळे पुसले. इतक्या ठिकाणी फिरले, बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, पण त्या एका गोळ्याने माझी छाती फुगली तशी कधी फुगली नव्हती.

मग जी झुंबड उडाली! वरवर लिंपून भागत नाही, भेग आधी तळापर्यंत खणून मोकळी करायची. मग चिखल, त्यावर पेंढा, परत चिखल, आणि प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. माणसांची रांग लागली, गोळे हातोहात यायला लागले. ज्यांचे तुकडे धड होते ते आमच्याकडे आले. मनीषाने तर फावडं घेऊन गड्यांना मागे टाकलं. कुणीतरी विचारलं, "वहिनी, कुठल्या?" ती फावडं न थांबवता म्हणाली, "सध्या मैदानातल्या." सतीशने हेल्मेट घातलेलं बघून पोरं त्याला साहेब म्हणायला लागली आणि साहेबांच्या डोक्यावरून चिखलाची घमेली जायला लागली. दोनदा पाय घसरून तो बसला, पण तक्रार केली नाही, हे मी जाहीरपणे नोंदवते.

ऊन चढलं आणि भरती लागली. सगळे हात धुऊन बांधावर उभे राहिले, या वेळी विरळ विरळ, अंतर ठेवून. पाणी आधी चिखलावरून पसरलं, मग बांधाच्या पायाशी आलं, मग चढायला लागलं. दुपारी ते माथ्यापासून वीतभर खाली होतं. एका बाजूला चकाकणारी खाडी, दुसऱ्या बाजूला खोलात पिवळसर भात, आणि मधे आमचा सकाळचा ओला चिखल.

"ताई, पाणी!" मनीषा शेताच्या बाजूने ओरडली. आमच्याच तुकड्याच्या मुळातून पाझर फुटलेला, बोटाएवढी धार. गणाकाका म्हणाले, "पेंढा! दाबा, दाबा, धार मोठी व्हाया देऊ नका!" मनीषाने पेंढ्याची अख्खी मोळी धारेवर लावली आणि त्यावर पाठ टेकून बसली. मी तिच्या बाजूला बसले. आमच्यावर लोक चिखल ओतत होते, आम्ही पाठीने दाबत होतो. शेजारच्या तुकड्यावरची एक म्हातारी आली आणि तीपण बसली. पाठीला गार गार पाणी लागत होतं, मग कमी लागायला लागलं, मग नुसता ओलावा. मी बोट लावून चाटलं. खारट होतं, पण थेंबभर.

आणि मग वरून सतीश ओरडला. पाणी मोजायला बांधाच्या कडेला रोवलेल्या काठीवरची ओली खूण उघडी पडायला लागलेली. पाणी उतरत होतं!

अरे, काय तो जल्लोष! टोकाला राहिलेला तो गरब्याचा स्पीकर कुणीतरी लावला, आणि चिखलाने माखलेलं गाव बांधाखाली, शेताच्या कडेने नाचायला लागलं. बांधावर नाही, एवढी अक्कल आता आलेली! गणाकाका नाचले. मनीषा नाचली. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या हात वर करून नाचली. अंधार पडल्यावर चंद्र वर आला, आटवलेलं दूध फिरलं, आणि मी दोन पेले प्यायले. रात्रीची भरतीही आली आणि मुकाट परत गेली.

सोमवारी मनीषाला मोहन्याला सोडून बाळकुमला परतलो. इंजिनिअरने बाळाला पुढच्या खोल्या वापरायला सांगितलं होतं, मागच्या भिंतीला आधार देऊन ती नव्याने बांधायची. मनीषा दारात पाय ठेवून म्हणाली, "एवढा बांध उभा केला, भिंतीचं काय घेऊन बसलात!" आमच्या सोसायटीत झुकलेली भिंत अजून झुकलेली होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं भांडण अजून चालू होतं. मी ग्रुपवर लिहिलं, रविवारी सकाळी घरटी एक माणूस भिंतीपाशी या. आधी ते टॉवेलवाले काका म्हणाले, येतो. मग बाकीचे. भिंत उतरवून घेतली आम्ही, टेकू लावणाऱ्या गल्लीतल्या लोकांसोबत.

पण खरी गंमत पुढे आहे. काही दिवसांनी आत्याचा फोन. आवाज फुरंगटलेला.

"पोरं आपल्या तुकड्याला आता सुनीचा तुकडा बोलतान."

मी खूश. "बघ! नाव केलं की नाही?"

"व्हय. एक दिस आयलीस, एक गोला टाकलास, नाव तुजा. मी जलमभर राबली, तवा हिराजीचं घर. कोनी गंगूचा तुकडा बोललाय?"

खरंच की! आजोबा जाऊन जमाना झाला. दर पुकाऱ्याला "हिराजीचं घर" म्हणायचे आणि ही ओ द्यायची, स्वतःच्या घराला बापाच्या नावाने. माझ्या हक्कासाठी ती भर गावात भांडली, आणि मला एकदाही तिचं नाव सुचलं नाही. मला माझाच राग आला. तिचा फोन ठेवला आणि तसाच गणाकाकांना लावला. म्हटलं, "काका, तुकड्याला नाव द्यायचं असेल तर माझं नको, जिचं आहे तिचं द्या." ते पलीकडे बराच वेळ खाकरत राहिले. "बघतो," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या अमावास्येचं उधाण जवळ आलं. त्याआधी बांधावर फेरी असते, तुकडा तुकडा बघायचा. आत्याचा पाय आता टेकत होता, काठी घेऊन ती स्वतः गेली. पहाटे मला तिचा फोन आला. बोलली काही नाही, फोन चालू ठेवून नुसती उभी राहिली असावी. मला वारा ऐकू येत होता, आणि लांबून सरकत येणारा पुकारा. एक घर, हाय. दुसरं घर, हाय. मी बाळकुमच्या स्वयंपाकघरात गॅस बंद केला, सतीशला हाताने गप्प केलं.

मग गणाकाकांचा आवाज आला, मोठ्याने, सगळ्या बांधाला ऐकू जाईल असा.

"गंगूबाईचं घर!"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"हाय!" आत्या अशी ओरडली की सतीशच्या हातातला चहा सांडला.